लॅपटॉप फॉरमॅट न मारता डिस्कची फेरमांडणी कशी करायची?

मागच्या वर्षी नोव्हेंबरात सहामाही प्रगती अहवालाचा कच्चा मसुदा घेऊन मी सरांसमोर बसलो होतो. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या हिरवेपणाचा आलेख त्यात होता. सरांनी एका ठिकाणी बोट ठेवलं आणि विचारलं, "नोव्हेंबरात केळी एवढी कशी काय वाळली रे?" आलेख तिथे सरळ खड्ड्यात गेला होता. मी काहीतरी उत्तर दिलं. पाणी, करपा, कापणी, जे तोंडात आलं ते. सर म्हणाले, "आधी मूळ चित्र उघडून बघ."

खोलीवर येऊन उघडलं. उपग्रहाच्या चित्राचा वरचा भाग व्यवस्थित होता, खालचा काळा. तिथे सगळे शून्य. केळी वाळली नव्हती, माझी डिस्क भरली होती. फाइल लिहिता लिहिता जागा संपली, प्रोग्रॅमनं एक ओळ छापली की डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही, आणि माझी स्क्रिप्ट ती ओळ न वाचता पुढच्या चित्राकडे गेली. अर्ध्या शून्यांची सरासरी घेऊन मी केळीबद्दल निष्कर्ष काढून बसलो होतो.

म्हणून हा लेख. डिस्क भरणं ही नुसती गैरसोय नसते. संशोधन करणाऱ्याच्या लॅपटॉपवर डिस्क भरली की चुकीचा डेटा तयार होऊ शकतो, आणि तो दिसायला अगदी बरोबर डेटासारखाच असतो. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालं असेल, तर हे आत्ताच शिकून घ्या. तिसऱ्या वर्षी शिकायला लागलं तर महाग पडतं.

एक सूचना आधीच. आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत अक्षर-अक्षर सुटं करून लिहिली आहेत. टर्मिनलवर ती लहान रोमन अक्षरांत, मधल्या रेघा न घेता टाइप करायची.

जागा खरंच कमी आहे का?

डिस्कला हात लावण्याआधी हा प्रश्न विचारा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

पहिली आज्ञा डी-एफ, सोबत उणे एच. कोणतं पार्टिशन किती भरलंय ते कळतं. दुसरी तीच, पण उणे आय लावून. हे बरेच जण बघतच नाहीत. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक फाइलसाठी एक आयनोड लागतो, आणि आयनोडची संख्या पार्टिशन तयार करतानाच ठरते. नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक, म्हणजे ६० जीबीच्या पार्टिशनवर सुमारे ३९ लाख. पानांच्या फोटोंचे बारीक तुकडे करून मशीन लर्निंग करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जागा शिल्लक दिसते, तरी नवी फाइल बनत नाही, कारण आयनोड संपलेले असतात.

मग सफाई. डिस्क युसेज ॲनलायझर उघडा, कोणता फोल्डर किती खातोय ते चकत्यांच्या चित्रात दिसतं. माझ्याकडे निघालेला माल असा: पायथनच्या पॅकेजांचे जुने डाउनलोड, कॉन्डाची वापरात नसलेली तीन एन्व्हायर्नमेंट, स्नॅपच्या जुन्या आवृत्त्या, सिस्टिमच्या लॉग फाइली, आणि एकच झिप फाइल चार ठिकाणी. कचरापेटीही रिकामी करा. हसू नका, माझ्या पेटीत ६ जीबी होते.

आणखी एक गोष्ट. ईएक्सटी४ प्रत्येक पार्टिशनची ५ टक्के जागा मूळ प्रशासकासाठी राखून ठेवते. सिस्टिमच्या पार्टिशनवर ती असलेली बरी. पण ६० जीबीच्या होम पार्टिशनवर ३ जीबी असे अडकून पडतात. टी-यू-एन-ई-टू-एफ-एस या आज्ञेनं (त्यातला टू म्हणजे आकडा २) उणे एम १ देऊन ते १ टक्क्यावर आणता येतं. लगेच सव्वादोन-अडीच जीबी मोकळे होतात.

एवढं करूनही भागत नसेल, तरच पुढे वाचा.

फॉरमॅट का नको?

जळगावात एका दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं: "भाऊ, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." त्याची चूक नाही. त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तेच पुरतं. पण आपल्या लॅपटॉपवर नुसत्या फाइली नसतात, तर एक जुळवून आणलेला संसार असतो. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती, क्यूजीआयएसचे कोणते प्लगइन, कुठली सेटिंग आठ दिवस डोकं खाऊन सापडली. पहिल्या प्रकरणाचे निकाल ज्या आवृत्त्यांवर काढले, त्याच आवृत्त्यांवर तिसऱ्या प्रकरणाचे निकाल निघाले पाहिजेत. नाहीतर परीक्षकानं विचारलं की दोन आकड्यांत फरक का, तर सांगायला काही राहत नाही.

आता जरा स्वतःच्याच विरोधात बोलतो. तुमची व्यवस्था जर फक्त तुमच्या लॅपटॉपवरच उभी राहू शकत असेल, तर तो दोष तुमचा आहे. आज ना उद्या लॅपटॉप बिघडणारच. म्हणून काम सुरू करायच्या आधी एन्व्हायर्नमेंटची यादी फाइलमध्ये काढून ठेवा. कॉन्डात एक्स्पोर्टची सोय आहे, पिपमध्ये फ्रीझची.

बांध, सातबारा आणि पीक

पार्टिशन म्हणजे काय ते शेतावरून समजून घेऊ. आपल्याकडे ते सगळ्यांना कळतं.

डिस्क म्हणजे एक लांबच लांब पट्टा. त्यावर बांध घालून गट पाडले, ती पार्टिशन. कुठला गट कुठून कुठपर्यंत, हे जिथे लिहिलेलं असतं तो सातबारा म्हणजे पार्टिशन टेबल. आणि गटाच्या आत उभं असलेलं पीक म्हणजे फाइलसिस्टिम, तिच्यात तुमच्या फाइली.

इथून एक नियम आपोआप निघतो. गट मोठा करायचा असेल तर आधी बांध सरकवा, मग पीक पसरवा. गट लहान करायचा असेल तर उलटं. आधी पीक आत ओढून घ्या, मग बांध आत आणा. उलट केलंत तर उभ्या पिकावरून बांध जाईल, आणि बांधापलीकडचं पीक तुमचं राहणार नाही. जीपार्टेड हे चित्रमय साधन हा क्रम स्वतः सांभाळतं, फाइलसिस्टिमची तपासणीही स्वतः करून घेतं. टर्मिनलवरून करणाऱ्यांना तो स्वतः सांभाळावा लागतो.

सातबारा दोन प्रकारचा असतो. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य पार्टिशन फक्त ४ मावतात आणि सुमारे २ टीबीपलीकडची जागा मोजताच येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत नेहमीच्या मांडणीत १२८ नोंदी बसतात, आणि सातबाऱ्याची एक नक्कल डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. गेल्या दहाएक वर्षांत घेतलेला लॅपटॉप बहुधा जीपीटीवरच असेल.

पिकाचे प्रकारही वेगळे. ईएक्सटी४ मोठी करणं चालू सिस्टिमवर जमतं, लहान करणं मात्र ती बंद असतानाच. बीटीआरएफएस चालू असतानाही लहान-मोठी होते. एक्सएफएस मोठी होते, पण ती लहान करता येत नाही असंच धरून चाला. विंडोजची एनटीएफएस लहान करायची तर विंडोजमधूनच करावी.

माझ्या डिस्कचा नकाशा

डिस्क ५१२ जीबीची. लिनक्स ती ४७६ दाखवतं. कोणी जागा चोरलेली नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि सॉफ्टवेअर १०२४ च्या, एवढाच फरक. खालचे आकडे दुसऱ्या मापातले आहेत.

एल-एस-बी-एल-के ही आज्ञा दिली की नकाशा मिळतो. डावीकडून उजवीकडे माझा असा होता: सुरुवातीला बूटचं छोटं ईएफआय पार्टिशन आणि विंडोजचं एक राखीव, मग विंडोजचं सी १८०, रिकव्हरी १, विंडोजचं डी १९५, उबुंटूचं रूट ४०, आणि शेवटी उबुंटूचं होम ६०.

डी मध्ये १९५ पैकी ७० सुद्धा भरलेले नव्हते. त्यात कॉलेजच्या काळातले सिनेमे आणि कोणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ. इकडे होम ६० पैकी ५७ भरलेलं, रूट ४० पैकी ३६. सेंटिनेल-२ उपग्रहाचं एक चित्र साधारण पाऊण ते एक जीबीचं असतं आणि दर ५ दिवसांनी नवं येतं. वर्षाची सत्तरेक चित्रं, त्यात ढगांची गाळली तरी हिशोब तुम्हीच करा.

हा नकाशा कागदावर काढा. मोबाइलवर फोटो नको, वहीत पेनानं काढा. प्रत्येक चौकोनात नाव, आकार, किती भरलंय आणि फाइलसिस्टिम लिहा. काम अडलं की लॅपटॉप बंद असतो आणि तेव्हा हा कागदच समोर असतो.

दोन रस्ते, आणि मी लांबचा का निवडला

सरळ दिसणारा रस्ता असा: डी लहान करा, मोकळी जागा मिळेल, ती होमला द्या. अडचण अशी की मोकळी जागा निघते डी आणि रूटच्या मध्ये, आणि होम आहे रूटच्या पलीकडे. म्हणजे आधी अख्खं रूट डावीकडे सरकवायचं, मग अख्खं होम डावीकडे सरकवायचं.

डावीकडे सरकवणं म्हणजे बांध हलवणं नव्हे. सगळं पीक मुळासकट उपटून शेजारी लावणं. पार्टिशनची सुरुवात बदलली की आतला प्रत्येक तुकडा नव्या जागी कॉपी करावा लागतो. जीपार्टेड ते करतं, पण तासन्‌तास लागू शकतात. आणि मध्येच वीज गेली, बॅटरी संपली, तर पार्टिशन अर्धं इकडे अर्धं तिकडे. मे महिन्यात जळगावला ४४-४५ अंशांत, दुपारी लाइट कधी जाईल याचा भरवसा नसताना, हे करायची माझी हिंमत नव्हती.

दुसरा रस्ता वहीतल्या चौकोनांकडे बघता बघता सुचला. काहीच सरकवायचं नाही. डी लहान करून मिळालेल्या जागेत नवं होम बांधायचं. जुन्या होममधला सगळा माल त्यात कॉपी करायचा. उबुंटूला सांगायचं की आता घर इथे आहे. सगळं नीट चालतंय याची आठवडाभर खात्री करायची. मग जुनं होम पाडायचं. ते रूटच्या लगेच उजवीकडे असल्यामुळे ती जागा थेट रूटला मिळते, आणि उजवीकडे वाढणं म्हणजे फक्त बांध सरकवणं. काही मिनिटांचं काम.

फायदा बघा. या रस्त्यात कुठल्याही क्षणी वीज गेली तरी जुनं होम जसंच्या तसं शाबूत. फार तर नवं होम पुसून परत सुरुवात. संशोधनातही हीच सवय लावा. ज्या पायरीवरून मागे येता येत नाही, ती सगळ्यात शेवटी ठेवा.

तयारी

एक, बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं घेतलं. नुसतं घेऊन थांबू नका, त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा. बॅकअपचा जुना नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. माझी दुसऱ्या गावची प्रत धुळ्याच्या घरी आईच्या कपाटात असते. एरंडोल-पारोळ्यामार्गे एसटीनं घरी गेलो की ती ताजी करून येतो.

दोन, डिस्कची तब्येत. उबुंटूच्या डिस्क्स या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट डेटा दिसतो. तिथे काही बिघाड दाखवत असेल तर फेरमांडणी विसरा. बॅकअप घ्या आणि डिस्क बदला.

तीन, विंडोज. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बूटच्या सेटिंग बदलल्या की विंडोज ती मागू शकतं. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाउन केलेलं विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्स त्या पार्टिशनला हात लावायला तयार होत नाही.

चार, पेनड्राइव्हवर उबुंटूची लाइव्ह आवृत्ती. ती आधी एकदा बूट करून बघा. आयत्या वेळी पेनड्राइव्ह चालत नाही हे कळण्यासारखं वाईट काही नाही.

पाच, सातबाऱ्याची नक्कल. एस-एफ-डिस्क आज्ञेला उणे डी देऊन डिस्कचं नाव दिलं की पार्टिशन टेबल साध्या मजकुरात छापून मिळतं. ते फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल त्याच डिस्कवर न ठेवता पेनड्राइव्हवर ठेवा.

सहा, बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला. माझी बॅटरी जुनी, चाळीस मिनिटं टिकायची. म्हणून मित्राकडे इन्व्हर्टर होता तिथे रात्री बसलो. रात्री उकाडाही कमी असतो.

प्रत्यक्ष काम

पहिली पायरी विंडोजमध्ये. डिस्क मॅनेजमेंट उघडून डी वर श्रिंक केलं, १९५ चं ८५. विंडोज नेहमी उजव्या टोकाकडून जागा कापतं, म्हणून ११० ची मोकळी जागा डी आणि रूटच्या मध्ये निघाली. विंडोज पुन्हा सुरू करून डी उघडतं का ते पाहिलं.

दुसरी पायरी, लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट. आत 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नाही. जीपार्टेड उघडा, नसेल तर इंटरनेट जोडून तात्पुरतं घालता येतं. एखाद्या पार्टिशनवर कुलूप दिसलं तर ते वापरात आहे असा अर्थ. बहुतेक वेळा ते स्वॅप असतं, उजवं क्लिक करून स्वॅपऑफ करा.

तिसरी पायरी, मोकळ्या ११० मध्ये नवं ईएक्सटी४ पार्टिशन. अलाइनमेंट जी आपोआप येते तीच राहू द्या. जीपार्टेडची एक चांगली गोष्ट म्हणजे हिरवी टिक दाबेपर्यंत ते काहीच करत नाही, नुसती यादी करतं. ती यादी वाचा, वहीतल्या कागदाशी ताडून बघा आणि मगच टिक दाबा.

चौथी पायरी, कॉपी. माउसनं ओढून करू नका, फाइलींचे मालक आणि परवानग्या बिघडतात. आर-एस-वाय-एन-सी वापरा, सुरुवातीला एस-यू-डी-ओ लावून. पर्याय चार: लहान ए, आणि मोठ्या लिपीतले एच, ए, एक्स. परवानग्या, हार्डलिंक, एसीएल आणि विस्तारित गुणधर्म सगळं जसंच्या तसं येतं. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका. ती नसेल तर होमच्या आत आणखी एक फोल्डर तयार होतो आणि लॉगिन करताना उबुंटूला तुमचं घर सापडत नाही. लाइव्हवरून करण्याचं कारण म्हणजे कॉपी चालू असताना कोणतीही फाइल बदलत नसते. माझ्या ५७ जीबीला पाऊण तास लागला.

कॉपी संपली की तीच आज्ञा परत द्या, या वेळी एन, सी आणि आय हे लहान अक्षरांतले पर्याय वाढवून. यात कॉपी होत नाही. दोन्हीकडच्या फाइलींचा चेकसम ताडून, फरक असेल तेवढीच नावं छापली जातात. काहीच छापलं नाही तर काम चोख. वेळ लागतो, पण अर्ध्या काळ्या चित्रानंतर ही पायरी मी कधीच गाळत नाही.

पाचवी पायरी, उबुंटूला नवा पत्ता सांगणं. रूट पार्टिशनमधल्या ई-टी-सी फोल्डरात एफएसटॅब नावाची फाइल असते. कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक फाइलसिस्टिमला यूयूआयडी हा लांबलचक ओळख क्रमांक असतो, गट नंबरसारखा. बी-एल-के-आय-डी ही आज्ञा तो दाखवते. आधी एफएसटॅबची प्रत काढा. मग होमची जुनी ओळ न पुसता तिच्या आधी हॅशचं चिन्ह टाका, म्हणजे ती निष्क्रिय होते. खाली तशीच नवी ओळ लिहून नवा यूयूआयडी द्या. जतन करा, पेनड्राइव्ह काढा, बूट करा.

इथे माझं काय चुकलं

बूट केलं. स्क्रीनवर तारा फिरत राहिला, दीड मिनिटाचा काउंटर. मग काळी स्क्रीन आणि आणीबाणीच्या मोडची सूचना. रात्रीचे दोन वाजले होते. मित्र झोपलेला. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते कळलं.

घाबरून मी लगेच परत इन्स्टॉलचा विचार करायला लागलो होतो. मग वही उघडली. जुनं होम आहे, नवं होम आहे, बॅकअप आहे, म्हणजे डेटा गेलेला नाही. फक्त पत्ता चुकला असणार. लाइव्हवरून परत आत गेलो, एफएसटॅब उघडली. यूयूआयडी मी कॉपी-पेस्ट न करता बघून टाइप केला होता, आणि बी च्या जागी ८ पडला होता. या क्रमांकात शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच अक्षरं असतात, त्यामुळे ओ नाही पण बी आणि ८ यांची गल्लत सहज होते.

एक अक्षर सुधारलं, बूट केलं, लॉगिन आलं. डेस्कटॉपवरचा वॉलपेपर दिसला तेव्हा मित्राला उठवून चहा पाजला.

दीड मिनिटाचा तो काउंटर लक्षात ठेवा. जुनं स्वॅप पार्टिशन पुसून नवं केलं तरी तोच दिसतो, कारण एफएसटॅबमध्ये जुनाच क्रमांक राहतो. आणि लॉगिन मिळालेलं असताना एफएसटॅब बदलत असाल तर रीबूटच्या आधी फाइंडमाउंटची व्हेरिफाय तपासणी चालवा. फाइलमधली अशी चूक ती आधीच सांगते.

जुनं घर पाडणं

आठवडाभर मी जुन्या होमला हात लावला नाही. रोजचं काम केलं, जुन्या स्क्रिप्ट चालवल्या, पहिल्या प्रकरणातला एक तक्ता परत काढून आधीच्या आकड्यांशी जुळवला. जुळला.

मग पुन्हा लाइव्ह, जीपार्टेड, जुनं ६० चं पार्टिशन डिलीट, आणि रूटची उजवी कड ओढून ४० वरून १००. हिरवी टिक. काही मिनिटांत झालं. रूटचा यूयूआयडी बदलत नाही, सुरुवातही हलत नाही, त्यामुळे ग्रबला काही सांगावं लागलं नाही. विंडोजही आपोआप मेनूत होतं.

हिशोब: होम ६० वरून ११०, रूट ४० वरून १००, आणि एकही सॉफ्टवेअर पुन्हा घालावं लागलं नाही.

तुमचा नकाशा वेगळा असेल तर

जुन्या एमबीआर लॅपटॉपवर लिनक्स बहुधा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत असतं. तिथे आधी बाहेरचं एक्स्टेंडेड मोठं करावं लागतं, मग आतलं. एलव्हीएम असेल तर तुमचं नशीब चांगलं. तिथे तुकडे जोडून एकच शेत दाखवण्याची सोय असते, मोकळी जागा डिस्कवर कुठेही असली तरी चालते, सरकवासरकव नाही. एन्क्रिप्टेड डिस्कला मात्र एक थर जास्त असतो: बाहेरचं पार्टिशन, आतलं कुलूप, त्याच्या आत फाइलसिस्टिम. पहिल्यांदाच करत असाल तर तिथून सुरुवात करू नका.

ईएफआय पार्टिशनला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नका. आकार बघून ते बिनकामाचं वाटतं, पण दोन्ही सिस्टिम त्याच्यातूनच सुरू होतात.

चुकून एखादं पार्टिशन डिलीट झालंच तर पहिलं काम म्हणजे थांबणं. त्या डिस्कवर काहीही लिहू नका. सातबारा फाडला म्हणून पीक जळत नाही. तुम्ही घेतलेली नक्कल किंवा टेस्टडिस्क हे मोफत साधन वापरून हद्दी पुन्हा आखता येतात. जितकं कमी लिहाल तितकी शक्यता जास्त. एसएसडीवर मात्र रिकामी जागा आपोआप पुसून टाकण्याची सोय असते, त्यामुळे उशीर करू नका.

आणि कधी करू नये? सिनॉप्सिस किंवा प्रबंध सादर करायच्या आधीच्या पंधरवड्यात नाही. बॅकअप नसताना नाही. लॅपटॉप प्रयोगशाळेचा असेल तर विचारल्याशिवाय नाही. अशा वेळी बाहेरची एसएसडी जोडून मोठा डेटा तिच्यावर ठेवणं हाच शहाणपणा.

पहिल्यांदा थेट स्वतःच्या डिस्कवर हात साफ करू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये २० जीबीची खोटी डिस्क बनवा, तिच्यावर उबुंटू घाला आणि हे सगळं मोडून-जोडून बघा. लिनक्सचीच ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात मराठीतूनही पाठ आहेत, तिथून सुरू करा.

आणि ती स्क्रिप्ट

डिस्क मोठी झाली म्हणून मूळ चूक सुटत नाही. ११० जीबीही भरणारच. खरी चूक ही की जागा संपल्याचं माझ्या स्क्रिप्टला कळलं आणि मला कळलं नाही. आता ती सुरुवातीला मोकळी जागा तपासते, कमी असेल तर थांबते. कोणतीही पायरी फसली तर पुढे जात नाही. तयार झालेलं प्रत्येक चित्र उघडून त्यात किती शून्य आहेत ते मोजते आणि नोंदवहीत लिहिते.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेले जुने कागद आजही जपलेले आहेत. शाळेतून एकदा बघायला गेलो होतो. त्यातला एखादा कागद अर्धा फाटलेला असेल तर तो फाटलेला आहे हे डोळ्यांना दिसतं. आपला डेटा असा फाटलेला दिसत नाही. तो आपल्याला मुद्दाम तपासावा लागतो.

सरांना पुढच्या बैठकीत नवा आलेख दाखवला. नोव्हेंबरातला खड्डा गेला होता, केळी हिरवीगार होती. सर एवढंच म्हणाले, "बाकीची चित्रंही उघडून बघितलीस ना?" बघितली होती. आणखी दोन निघाली तशीच.